माप, वजन आणि मुलांच्या ताटातील भात

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत सकाळच्या तासिका चालू असतानाच स्वयंपाकघरात मध्यान्ह भोजनाची सिद्धता सुरू होते. तांदळाच्या पोत्यात एक डबा बुडतो, चार-पाच वेळा भरून वर येतो आणि त्या दिवसाचा तांदूळ सुपात पडतो. शासनाच्या आदेशात मात्र या डब्याचा उल्लेख नसतो. तेथे ग्रॅम असतात. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी व साडेसात ग्रॅम तेल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर सुरू झालेल्या आणि सप्टेंबर २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेचे हे प्रमाण शिक्षकवर्गाला तोंडपाठ आहे.

आदेश वजनात आणि व्यवहार मापात, अशी ही स्थिती आहे. डब्यातून वर आलेला तांदूळ किती ग्रॅम, या प्रश्नाचे उत्तर ज्या शाळेला नेमके ठाऊक आहे तेथे मुलांना त्यांचा वाटा पुरा मिळतो, साठ्याची नोंदवही जुळते आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनींवर कोणी बोट ठेवू शकत नाही. जेथे ते ठाऊक नाही तेथे या तिन्ही गोष्टी अडचणीत येतात. विषय साधा आहे, परंतु साधा म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. म्हणून त्याचा थोडा तपशिलाने विचार करणे अगत्याचे आहे.

लिटर म्हणजे किलो नव्हे

पुष्कळ ठिकाणी एक लिटरचे माप भरले की एक किलो झाला, असे गृहीत धरले जाते. या समजुतीचे मूळ मेट्रिक पद्धतीच्या जन्मातच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ही पद्धत तयार झाली, तेव्हा एक लिटर पाण्याचे वजन तो एक किलोग्रॅम, असे नाते ठरविण्यात आले. किलोग्रॅमची शास्त्रीय व्याख्या त्यानंतर बदलत गेली; २० मे २०१९ पासून तर ती प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. तरीही व्यवहारापुरते ते जुने नाते आजही खरे आहे. मात्र ते पाण्यापुरतेच खरे आहे. तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, तेल यांना ते लागू पडत नाही.

तांदळाचा दाणा पाण्यात टाकला तर बुडतो. म्हणजे दाणा पाण्यापेक्षा जड आहे. असे असूनही एक लिटरच्या मापात काठोकाठ भरलेला तांदूळ किलोभर भरत नाही. तो सुमारे ८२० ते ८५० ग्रॅम भरतो. याचे कारण असे की, दाणे एकमेकांवर पडतात तेव्हा त्यांच्यामध्ये पोकळ जागा राहते. तांदळाने भरलेल्या मापात चाळीस टक्क्यांच्या आसपास जागा केवळ हवेची असते. पिठाचे कण बारीक, खरबरीत आणि एकमेकांना अडवून धरणारे असतात. त्यामुळे चाळलेल्या पिठात हवा अधिक आणि वजन कमी. बारीक मिठाचे स्फटिक जड व जवळजवळ बसणारे. म्हणून मिठाचे माप पाण्याहूनही जड.

एका मापात मावणारे वजन अशा रीतीने तीन गोष्टींवर अवलंबून असते : पदार्थ कोणता, त्याचा दाणा किती बारीक-जाड, आणि तो मापात कसा भरला. पहिल्या दोन गोष्टी पदार्थाच्या स्वभावाच्या आहेत. तिसरी मात्र सर्वस्वी आपल्या हातची आहे.

शेर : एक शब्द, दोन अर्थ

आपल्या पूर्वजांना ही अडचण नव्हती असे नाही. शेर हा शब्द वजनालाही होता आणि मापालाही होता. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापाचा शेर हे भांडे होते. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली असे कोष्टक शाळेतून पाठ करून घेतले जात असे. दक्षिण कोकणात कुडव आणि खंडी हे शब्द अजून वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येतात. पायलीचे भांडे मात्र सर्वत्र सारखे नसे. एका पेठेतील पायली दुसऱ्या पेठेत भरेलच, याची शाश्वती नव्हती.

ही विविधता दूर करण्यासाठी १९५६ साली संसदेने वजने व मापे यांच्या प्रमाणांचा कायदा केला. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली आणि एप्रिल १९६२ पासून त्यांचा वापर देशभर बंधनकारक झाला. आज २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम लागू आहे. शब्द मात्र कायद्याने जात नाहीत. आठवड्याच्या बाजारात आजही पावशेर मिरची मागितली जाते आणि विक्रेता २५० ग्रॅम तोलून देतो. जुना पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा होता, हे दोघांच्याही ध्यानात नसते. जुन्या वहीतील पावशेर, अदपाव, छटाक वाचून आज पदार्थ करताना हा सात टक्क्यांचा फरक लक्षात घ्यावा लागतो.

जुन्या मापात एक तर्कशुद्धता होती, हेही नमूद केले पाहिजे. आपल्याकडे भात हा शब्द शेतातल्या टरफलासहित दाण्यालाही आहे आणि ताटात वाढलेल्या अन्नालाही आहे. भाताचा टरफलासहित दाणा मापात हलका असतो. लिटरला सुमारे ५७० ते ६०० ग्रॅम. शासकीय भरडाईत १०० किलो भातापासून ६७ किलो तांदूळ, असा उतारा धरला जातो. वजनात दोन तृतीयांश उरतो; परंतु मापाने पाहता दोन पायली भाताचा साधारणपणे एक पायली तांदूळ होतो, कारण तांदूळ मापात अधिक दाटीने बसतो. वजनाचा हिशेब आणि मापाचा हिशेब वेगवेगळे आकडे देतात आणि दोन्ही बरोबर असतात. चूक होते ती एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावे मांडल्यावर.

नेहमीच्या पदार्थांचे अंदाजे वजन

वाचकांच्या सोयीसाठी २०० मिलिलीटर मापाच्या भांड्यात काठापर्यंत भरून, वरून सपाट काठी फिरविल्यानंतर मावणारे अंदाजे वजन येथे दिले आहे.

पाणी : २०० ग्रॅम
दूध : २०६ ग्रॅम
खाद्यतेल : १८२ ग्रॅम
तांदूळ : १६५ ते १७० ग्रॅम
तूरडाळ व मूगडाळ : १६० ते १७० ग्रॅम
साखर : सुमारे १७० ग्रॅम
बारीक मीठ : सुमारे २४० ग्रॅम
रवा : सुमारे १४० ग्रॅम
तांदळाचे पीठ : १२० ते १३० ग्रॅम
गव्हाचे पीठ, हलके भरलेले : १०० ते ११० ग्रॅम
ओल्या नारळाचा चव, न दाबता : सुमारे ७० ग्रॅम
कुरमुरे : १५ ते २० ग्रॅम

या आकड्यांवरून एक गोष्ट चटकन दिसून येईल. एकाच भांड्यात कुरमुऱ्यांचे वजन वीस ग्रॅमही भरत नाही आणि मिठाचे मात्र अडीचशेच्या जवळ जाते. म्हणून 'वाटीभर' हा शब्द पदार्थाचे नाव जोडल्याखेरीज वजनाविषयी काहीच सांगत नाही. दुसरी गोष्ट अशी की, हे आकडे मार्गदर्शक आहेत. जिल्ह्यात आवडीने खाल्ला जाणारा जाड उकडा तांदूळ आणि बारीक सुरई तांदूळ मापात सारखे बसत नाहीत. पावसाळ्यातील दमट हवेने मीठ पाझरते, पीठ गोळा धरते आणि आकडा सरकतो. ज्या भांड्याने आपण रोज माप घेतो, त्या भांड्याचे आणि त्या धान्याचे वजन आपणच करून ठेवणे हाच खरा उपाय होय.

शीग आणि तिचा परिणाम

एका शाळेला भेट दिली असता घडलेला प्रसंग येथे सांगावासा वाटतो. तेथील तांदळाचा साठा नोंदवहीपेक्षा सातत्याने कमी भरत होता. मुख्याध्यापक चिंतेत होते आणि स्वयंपाक करणाऱ्या बाई त्याहून अधिक चिंतेत होत्या. कारण अशा वेळी संशयाची पहिली नजर त्यांच्याकडेच वळते. त्यांना नेहमीप्रमाणे तांदूळ मापून दाखविण्यास सांगितले. डबा पोत्यातून वर आला तो शीग घेऊन. डब्याच्या काठावर तांदळाची उभी रास होती. ती काढायची असते, असे सुचविताच त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोरांका कमी कसां घालू?" कित्येक महिन्यांची तूट या एका वाक्यात उलगडली.

परमावधीला पोहोचणे या अर्थी आपण 'शिगेला पोहोचणे' म्हणतो, ते याच मापावरच्या राशीवरून. या राशीत किती धान्य असते, याची कल्पना सहसा नसते. तांदूळ ओतला असता त्याचा ढीग साधारण तीस-पस्तीस अंशांचा उतार धरतो. त्यामुळे भांड्याचे तोंड जितके रुंद, तितकी शीग उंच आणि मोठी. समजा, काठोकाठ भरल्यावर बरोबर एक किलो तांदूळ मावणारी दोन भांडी आहेत. म्हणजे प्रत्येक सुमारे १.२ लिटरचे. एकाचे तोंड १२ सेंटीमीटर व्यासाचे आहे, दुसरे पसरट असून त्याचे तोंड १६ सेंटीमीटर आहे. पहिल्यावरच्या शिगेत सुमारे ११५ ग्रॅम तांदूळ जादा येतो. दुसऱ्यावरच्या शिगेत तो सुमारे २७५ ग्रॅम, म्हणजे पाव किलोहूनही अधिक येतो.

आता ५० मुलांच्या शाळेचा हिशेब पाहू. रोजचा तांदूळ ५ किलो. पसरट भांड्याने शीग लावून पाच मापे घेतली तर प्रत्यक्षात जवळजवळ ६ किलो ४०० ग्रॅम तांदूळ शिजतो. महिन्याचे २२ दिवस धरले तर तीस किलोची तूट येते. कोणी एक दाणा घरी नेलेला नसतो. सारा तांदूळ मुलांच्याच ताटात वाढलेला असतो, किंवा उरून वाया गेलेला असतो. परंतु नोंदवहीला ते कळत नाही.

याच्या उलट स्थितीही तितकीच संभवते, आणि ती अधिक गंभीर आहे. लिटरच्या मापाला किलो समजून पाच मापे सपाट भरून घेतली, तर पाच किलोऐवजी ४ किलो १५० ग्रॅम तांदूळ शिजतो. प्रत्येक मुलाच्या वाट्याला १७ ग्रॅम कमी येतात. महिन्याअखेरीस नोंदवहीपेक्षा अठरा-एकोणीस किलो तांदूळ अधिक शिल्लक दिसतो. शिल्लक पाहून कोणी तक्रार करीत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. ज्या मुलाचे दिवसातील पोटभर जेवण तेवढेच असते, त्याच्या ताटातील सतरा ग्रॅम कोणाच्याच नजरेस येत नाहीत.

आपले माप आपणच ठरवावे

यावरचा उपाय खर्चाचा नाही आणि कठीणही नाही. शाळेत, अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक भोजनाच्या प्रसंगी तो कोणालाही करता येईल.

प्रथम एक बळकट भांडे केवळ मापासाठी राखून ठेवावे. तोंड अरुंद व बाजू सरळ असल्यास उत्तम. अशा भांड्यात भरण्यातील फरक कमी पडतो. रिकामे भांडे काट्यावर ठेवून त्याचे वजन लिहून घ्यावे. नंतर त्यात तांदूळ ओतावा. दाबू नये, आपटू नये. काठाच्या वर आलेली रास सरळ काठीने किंवा पट्टीने एकदा काढून टाकावी. भरलेल्या भांड्याचे वजन करून त्यातून रिकाम्याचे वजन वजा करावे. ही कृती तीनदा करून सरासरी घ्यावी. तीच गोष्ट डाळीसाठी निराळी करावी. तांदळाचा आकडा डाळीला लावू नये.

मिळालेला आकडा भांड्यावर रंगाने लिहावा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक तक्ता लावावा. तक्त्यात पटसंख्या आणि तिच्यासमोर मापांची संख्या असावी. एका भांड्यात ८३० ग्रॅम तांदूळ मावत असेल, तर ५० मुलांसाठी ५,००० भागिले ८३०, म्हणजे सहा मापे आणि वर थोडेसे. हे 'थोडेसे' रोज डोळ्यांनी ठरविण्यापेक्षा बरोबर एक किलो तांदूळ जेथपर्यंत येतो, तेथे भांड्याच्या आतून कायमची रेघ ओढून घेणे सोयीचे. मग पाच किलोला पाच मापे, हा हिशेब कोणालाही सांगावा लागत नाही. रेघेपर्यंत भरताना वरचा थर हाताने सपाट करावा, एवढेच पथ्य.

धान्याचे नवे पोते फोडले की हे वजन एकदा पडताळून पाहावे. नवा तांदूळ, जुना तांदूळ, उकडा, सुरई यांत फरक पडतो. काट्याचीही परीक्षा व्हावी. प्रमाणित एक किलोचे वजन ठेवून काटा एक किलो दाखवितो की नाही, हे पाहणे मिनिटाचे काम आहे. व्यापारी उपयोगातील वजने, मापे व काटे यांची ठरावीक मुदतीने पडताळणी व मुद्रांकन करण्याचे काम राज्याची वैध मापनशास्त्र यंत्रणा करते. आपल्या गावच्या दुकानातील काट्यावर असे चालू मुद्रांकन आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे, आणि पंचायत सदस्यांनी त्याकडे लक्ष पुरविल्यास गावाचे हितच होईल.

काटा हाताशी असेल तर भांड्याचे लिटरमाप काढणेही सुलभ आहे. रिकामे भांडे काट्यावर ठेवून त्यात बरोबर एक किलो पाणी भरावे. पाण्याची पातळी जेथे येईल, ती एक लिटरची खूण. पाण्यापुरते लिटर आणि किलो एकच असल्याचा असा उपयोग करून घेता येतो.

तेल, मीठ आणि शिजलेला भात

तेल पाण्यापेक्षा हलके आहे. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. ५० मुलांसाठी २५० ग्रॅम तेल हवे असेल, तर ते मापाने सुमारे २७५ मिलिलीटर होते. तेल उष्णतेने प्रसरण पावते, म्हणून एका लिटरचे वजन ऋतुमानाप्रमाणे किंचित बदलते. सोयाबीन तेलाचे एक लिटर २१ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशाला सुमारे ८९३ ग्रॅम भरते. काही उत्पादक पिशवीवर चढे तापमान नमूद करून लिटरमागे कमी वजनाचे तेल भरत असल्याचे आढळून आले, तेव्हा केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये, तापमानाचा उल्लेख न करता मापाबरोबर वजनही छापावे, असे निर्देश दिले. माप आणि वजन यांतील फरक न समजणाऱ्याचे नुकसान कसे होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. पिशवी घेताना लिटरबरोबर ग्रॅमचा आकडाही वाचण्याची सवय असावी.

मिठाच्या बाबतीत दाण्याचा आकार महत्त्वाचा ठरतो. १९३० च्या सत्याग्रहाने शिरोड्याची मिठागरे सर्वांना परिचित झाली. मिठागरातील खडे मीठ आणि पुडीतले बारीक मीठ एकाच चमच्याने मोजले तर वजन सारखे भरत नाही. पाच मिलिलीटरच्या सपाट चमच्यात बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम मावते. खडे मीठ त्याहून कमी, कारण खड्यांमध्ये पोकळी अधिक. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे एक सपाट चमचा हीच दिवसाची मर्यादा ओलांडतो.

शिजलेल्या अन्नाचा हिशेब निराळा आहे. १०० ग्रॅम तांदूळ शिजल्यावर पाणी शोषून सुमारे २५० ते ३०० ग्रॅम भात होतो. त्यामुळे ताटात वाढलेला वाटीभर भात पाहून तांदूळ किती, हे सांगता येत नाही. पातेल्यातील भाताचे वजन करून, रिकाम्या पातेल्याचे वजन वजा करून, उपस्थित मुलांच्या संख्येने भागले की प्रत्येकाचा वाटा कळतो. तेवढा भात मावणारा डाव एकदा निश्चित केला की वाढताना पहिल्या व शेवटच्या मुलात अंतर पडत नाही.

पाककृतीतील प्रमाण

घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया काट्याशिवाय उत्तम स्वयंपाक करतात. त्या तीन मापे तांदळाला एक माप उडीदडाळ घेऊन आंबोळीचे पीठ वाटतात आणि ते बिघडत नाही. त्यांचे माप चुकीचे नसते; ते सर्व जिन्नसांना एकच असते. वाटी लहान असो वा मोठी, तीच वाटी सर्वांना लावली की प्रमाण टिकते. प्रश्न उद्भवतो तो हे मापाचे प्रमाण वजनाचे म्हणून वाचले गेल्यावर.

गणेशोत्सवात उकडीच्या मोदकांची मोठी मागणी स्वीकारणाऱ्या महिला बचत गटांना हा अनुभव येऊ शकतो. घरी एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी, असे प्रमाण असते. हेच 'समप्रमाण' वजनावर नेऊन एक किलो पिठाला एक किलो पाणी घातले, तर उकड कोरडी होते आणि मोदकाच्या पाऱ्या तडकतात. कारण वाटीभर पिठाचे वजन १२० ते १३० ग्रॅम, तर वाटीभर पाण्याचे २०० ग्रॅम. एक किलो पिठाला त्या हिशेबाने सुमारे दीड ते पावणेदोन लिटर पाणी लागते. कृती मोठ्या प्रमाणावर करण्यापूर्वी प्रत्येक जिन्नसाची एक वाटी तोलून घेतली तर हे नुकसान टळेल.

कोकम सरबतासारखे पदार्थ बाटलीत भरणाऱ्या गटांनीही हे ध्यानात ठेवावे. साखरेचे प्रमाण ६५ टक्के असलेल्या पाकाचे एक लिटर सुमारे १ किलो ३०० ग्रॅम भरते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत असा पाक साडेसहाशे ग्रॅम मावतो. वेष्टनावर मिलिलीटर लिहून आत ५०० ग्रॅम तोलून भरल्यास बाटली अपुरी दिसेल आणि ग्राहकाला कमी माल मिळेल. वेष्टनावर जे परिमाण छापले आहे, त्याच परिमाणाने भरावे, हा नियम पाळल्यास आवेष्टित वस्तूंच्या नियमांचा भंग होणार नाही.

जेथे चमचा प्राणाशी निगडित असतो

माप आणि वजन यांचा संबंध सर्वांत नाजूक होतो तो अतिसाराच्या वेळी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली होती. शिरेतून देण्याचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा तोलून पुड्या बांधविल्या आणि त्या रुग्णांच्या नातलगांच्या हाती दिल्या. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. पुडीतील वजन अचूक होते आणि देणाऱ्याला मोजमाप करावे लागत नव्हते, हे या यशाचे एक कारण होय.

आज आरोग्य केंद्रात व आशा कार्यकर्तीकडे जलसंजीवनीची पुडी मिळते. तीच प्रथम वापरावी. तिच्या वजनाची चिंता आपल्याला करावी लागत नाही. परंतु पाण्याचे माप मात्र आपल्याच हाती असते. पुडी एक लिटरची असेल तर पाणी एक लिटरच हवे. घरातील तांब्या म्हणजे लिटर नव्हे. काही तांबे पाऊण लिटरचे, तर काही सव्वा लिटरचे असतात. वर सांगितल्याप्रमाणे लिटरची खूण केलेले एक भांडे घरात असावे. पुडी मिळेपर्यंत घरी द्रावण करावे लागले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण आहे; चमचा पाच मिलिलीटरचा. येथे शीग लावलेला चमचा चालणार नाही. मीठ दुप्पट झाले तर ते लहान मुलाला अपायकारक ठरते.

एका दिवसाचे काम

माप आणि वजन यांच्यातील पूल असा प्रत्येकाला आपापल्या भांड्यापुरता बांधून घ्यावा लागतो. छापील कोष्टक त्यासाठी दिशा दाखविते. शेवटचा आकडा आपल्या काट्यावर आपल्यासमोर उमटला पाहिजे. शिक्षकांनी हा उपक्रम चौथी-पाचवीच्या गणिताच्या तासाला मुलांकडूनच करवून घ्यावा. आपल्या ताटातील तांदूळ स्वतः तोलून, सरासरी काढून, भिंतीवर तक्ता लिहिणारे मूल परिमाणांचा धडा सहसा विसरणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या बैठकीत मापाचे भांडे आणि काटा समोर ठेवून ही पडताळणी झाली, तर पालकांचाही विश्वास वाढेल.

मघाशी उल्लेखिलेल्या शाळेत त्याच दिवशी मापाच्या डब्यावर लाल रंगाची रेघ ओढण्यात आली. त्या बाईंनी पहिले माप रेघेपर्यंत भरले, हाताने सपाट केले आणि ते काट्यावर ठेवून स्वतः आकडा वाचला. एक किलो भरल्याची खात्री पटल्यावरच त्यांनी दुसऱ्या मापासाठी डबा पोत्यात घातला.